आठशे बारा

"मेलेल्या कोंबड्या कुठे पळून जाणार होत्या का, आई? आठ दिवस राहिल्या असत्या तशाच!"

"आठ दिवस?" काकू म्हणाल्या. "तू आठ दिवस त्या वासात जेवला असतास?"

"जेवलो असतो. नाक दाबून जेवलो असतो. आता हात चोळत बसायचंय, त्यापेक्षा ते बरं."

काकूंनी फडकं पिळलं. त्या टेबल पुसत होत्या. मुलाने कप उचलला, कोपर उचललं, फडकं खालून फिरून गेलं आणि कप, कोपर पुन्हा जागच्या जागी आले. भांडण कितीही पेटलेलं असो, या घरात हात असेच आपोआप उचलले जायचे. तीस वर्षांची सवय होती.

"शेजारी बघ," मुलगा म्हणाला. "काडी इकडची तिकडे केली नाही त्यांनी. कोंबड्या पडल्या तिथे पडल्या. वर ताडपत्री टाकून दिली. पाहणीवाली मॅडम आली, नाकाला रुमाल लावून मोजलं, सही केली, गेली. पूर्ण मदत. आणि आपल्याकडे आली तर काय दिसलं तिला? चुना मारलेल्या भिंती! मला विचारते, नुकसान कुठे आहे?"

दाराजवळच्या बाकावर काका गुडघ्याला तेल चोळत बसले होते. ते म्हणाले, "अर्धं छप्पर नाही, ते दिसलं नाही का तिला?"

"छपराचा अर्ज वेगळा असतो, बाबा. दुसऱ्या खात्याचा. त्याचे पैसे पावसाळ्यानंतर येणार, तेही आले तर. तातडीची मदत फक्त जनावरांची. छप्पर त्यातूनच घालायचं होतं, पिल्लंही त्यातूनच आणायची होती. आता मुदत संपतेय उद्या दुपारी." मुलाने बोट उचललं. "मी सांगून ठेवतो. मदत नाही मिळाली तर शनिवारी मी खतवाल्याला हो म्हणणार. त्याला पोती ठेवायला जागा हवीच आहे. आहे त्या अवस्थेत घेतो म्हणालाय."

खतवाल्याचं नाव निघालं आणि काकूंचं फडकं थांबलं.

"शेड द्यायची नाही," त्या म्हणाल्या.

"मग छप्पर काय तू फडक्याने घालणार आहेस?"

चुलीपाशी उभी असलेली सून फिसकन हसली आणि लगेच खोकल्यासारखं केलं.

गावात काकूंना चकाचक म्हणत. तोंडावर चकाचककाकू, मागे नुसतं चकाचक. लग्न होऊन आल्या तेव्हा या घरात गुरं आणि माणसं यांच्यामध्ये एक अर्धी भिंत होती आणि दोन्ही बाजू सारख्याच होत्या. सासरे म्हणायचे, ही घर झाडत नाही, घराला शिक्षा करते. पण तेच सासरे पुढे पाहुण्यांना मुद्दाम मोरी दाखवायला न्यायचे.

बावीस वर्षांपूर्वी काकांची दुधाची गाडी विकावी लागली, तेव्हा काकूंनी पडवीत वीस कोंबड्या ठेवल्या. वीसच्या साठ झाल्या, साठच्या दोनशे. मग शेड झाली. जमीन काकांच्या नावावर, पण शेडमधली वीट न् वीट अंड्यांनी आणलेली. दारात औषधाच्या पाण्याची एक उथळ पाटी असायची. तिच्यात पाय बुडवल्याशिवाय कुणी आत यायचं नाही. खतवाला पहिल्यांदा जागा बघायला आला तेव्हा त्यालाही नव्या बुटांसकट त्यात उभं केलं होतं. अंडी उचलायला येणारा गाडीवाला म्हणायचा, "बाकीच्यांच्या कोंबड्या अंडी घालतात, काकूंच्या आधी आंघोळ करून मग घालतात."

लोक हसायचे. पण पाच वर्षांपूर्वी रोग आला आणि आसपासच्या सहा शेडा धुऊन गेल्या, तेव्हा काकूंच्या फक्त नऊ कोंबड्या मेल्या होत्या. प्रत्येक कोंबडी मेली त्याच तासात पुरली होती, आणि त्या तासानंतर काकूंनी स्वतःचे कपडे उकळले होते. तेव्हापासून हसणं थोडं कमी झालं. नाव मात्र राहिलं.

वादळ आलं ते दुपारी चारच्या सुमाराला. आधी नुसता आवाज आला, मग शेडचं अर्धं छप्पर पत्र्यापत्र्याने उचकटून शेतात गेलं. काकू धावल्या तोवर आत जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. कोंबडी घाबरली की पळत नाही, ती दुसरीच्या अंगावर चढते. दुसरी तिसरीच्या. उत्तरेच्या कोपऱ्यात छातीएवढा ढीग झाला होता आणि वरच्या कोंबड्या अजून पंख मारत होत्या. चौघांनी हातांनी ढीग उपसला. वरच्या जगल्या, खालच्या गुदमरल्या. शेवटच्या थरातल्या अजून कोमट होत्या, म्हणून काकू एकेक कानाशी लावून बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी रस्त्यावर पडलेली झाडं उचलणारं यंत्र दारावरून चाललं होतं. काकूंनी ते आडवं जाऊन थांबवलं. चालक म्हणाला, अर्धा तास देतो. अर्ध्या तासात त्याने विहिरीपासून लांब, बांधाच्या कडेला खड्डा काढून दिला. मग घमेली. घमेल्यात चार कोंबड्या मावायच्या. वीस झाल्या की काकू शेडच्या खांबावर कोळशाने एक रेघ ओढायच्या. पैशांसाठी नव्हे, तेव्हा मदतीबिदतीचं कुणाच्या डोक्यातही नव्हतं. इतकी वर्षं रोज मोजून दाणा घातलेल्यांना न मोजता कसं टाकायचं, एवढंच. चाळीस रेघा झाल्या आणि शिवाय बारा ठिपके. आठशे बारा.

मध्ये एकदा सुनेने फोन बाहेर काढला होता. काकू म्हणाल्या होत्या, "मेलेल्यांचे फोटो काय काढतेस? घमेलं उचल."

सुनेने ते वाक्य आतापर्यंत कुणालाही सांगितलं नव्हतं. तिचं हे मोठेपण काकूंना कळत होतं, आणि तेच जास्त टोचत होतं.

गाड्या दोन आल्या होत्या. पहिली आरोग्यखात्याची, वादळाच्या दुसऱ्याच दिवशी, कर्णा लावलेली: मेलेली जनावरं ताबडतोब पुरा, चुना टाका, रोगराई टाळा. तोवर काकूंचा खड्डा बुजलेला होता. त्या अंगणात उभ्या राहून ऐकत होत्या आणि परीक्षेत पहिला आल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता. दुसरी गाडी चौथ्या दिवशी आली, मदतखात्याची: पाहणी होईपर्यंत मेलेली जनावरं जागेवरून हलवू नका. कर्णा तोच होता आणि त्यातून बोलणारा माणूसही तोच. काकूंनी त्याला फाटकात गाठून विचारलं होतं, अरे बाबा, यातलं खरं कुठलं? तो म्हणाला, "काकू, मला कागद देतात तो मी वाचतो. परवा शाळा बंद असल्याचा वाचायचाय."

भांडणातली पुढची फेरी सुरू व्हायच्या आत शेजारचे भाऊजी आले. त्यांना गावात 'नंतर' म्हणत. नांगरट नंतर, कुंपण नंतर, दाढी नंतर. बायको म्हणायची, यांनी लग्नालाही हो म्हटलं ते माझ्या धाकट्या बहिणीचं होऊन गेल्यावर. ते चिखलाच्या बुटांनी थेट आत आले. काकूंनी बुटांकडे पाहिलं आणि आज पहिल्यांदा काही बोलल्या नाहीत. बोलायला तोंड उरलं नव्हतं.

"वहिनी, एवढं तोंड पाडून बसू नका," ते खुर्ची ओढत म्हणाले. "माझ्या आहेत ना."

"काय आहेत?"

"कोंबड्या. साडेचारशेच्या वर असतील. जुन्या ट्रॉलीत आहेत, ताडपत्रीखाली. पुरायच्या राहूनच गेल्या. तुमच्या पोराला म्हटलं, घेऊन जा, दाखव, काम झालं की परत आणून टाक."

काकूंना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्यांनी हातातलं फडकं टेबलावर ठेवलं. "भाऊजी, त्या तुमच्या मोजून झाल्यात."

"माझ्या झाल्या. मग टेकाडापलीकडे माझ्या साडूकडे जाऊन आल्या. तिथे दुसरा पाहणीवाला होता, तिथेही मोजून झाल्या." भाऊजींनी खिशातून सुपारी काढली, काकूंकडे पाहिलं आणि परत ठेवली. "खरं सांगू? जिवंत होत्या तेव्हा दिवसाला धड दोनशे अंडी द्यायच्या नाहीत. मेल्यावर मात्र गुणाच्या निघाल्या."

काका हसले. मुलगाही हसला. सुनेला हसू आवरेना म्हणून ती पातेलं घेऊन बाहेर गेली.

"मी खोटं दाखवणार नाही," काकू म्हणाल्या.

"खोटं कुठे आहे यात, वहिनी? तुमच्या मेल्या हे खरं. माझ्या मेल्या हेही खरं. सरकारला मेलेली कोंबडी बघायचीय. कुणाची, हे कोंबडी सांगणार आहे का?"

"आणि माझ्या दोनशे अठ्ठ्याऐंशी जिवंत आहेत त्या शेडमध्ये, त्यांचं काय? दहा दिवसांच्या कुजलेल्या कोंबड्या त्यांच्या नाकासमोर आणून टाकायच्या?"

"अर्ध्या तासाचा तर प्रश्न आहे, आई," मुलगा म्हणाला.

"नाही म्हणजे नाही. मी कार्यालयात जाऊन येते. माणसंच बसलेली असतील ना तिथे? समजावून सांगते." त्यांनी सुनेला हाक मारली. "खांबाचा फोटो काढून दे मला फोनवर."

"कुठल्या खांबाचा?"

"रेघांच्या."

मुलाने कपाळावर हात मारला. "जा. रेघा दाखव. आरती ओवाळतील तुझी."

बसने पाऊण तास लागला. कार्यालयाच्या जिन्यापासून रांग होती. पुढच्या माणसाच्या हातात बैलाचे चार बाजूंनी काढलेले फोटो होते, लग्नाच्या स्थळासाठी काढावेत तसे. मागे एक बाई मुलीला फोनवर सांगत होती, शेळीचा कान कापून बरणीत ठेव, मिठात ठेव. प्रत्येकाजवळ काहीतरी होतं. काकूंनी फोन मुठीत घट्ट धरला.

खिडकीमागचा कारकून पन्नाशीचा होता, डोळे लाल झालेले. त्याच्या खुर्चीशेजारी बादली होती आणि छतातून तिच्यात मिनिटाला एक थेंब पडत होता. काउंटरवर चहाचं गोल डागाचं कडं होतं. बोलता बोलता काकूंनी ते खांद्यावरच्या फडक्याने पुसून टाकलं. कारकून बघत राहिला.

"सांगा."

काकूंनी सगळं सांगितलं. यंत्र, खड्डा, चुना, दोन गाड्या, एकच आवाज. मग फोन पुढे केला. "एक रेघ म्हणजे वीस. चाळीस रेघा. खाली बारा ठिपके आहेत, ते नीट दिसत नाहीत, उन्हामुळे."

कारकुनाने फोटो मोठा करून पाहिला. खरंच पाहिला, काकूंना ते जाणवलं.

"काकू, माझा विश्वास आहे तुमच्यावर," तो म्हणाला. "पण माझ्या विश्वासाला शिक्का नाही. इथे तीन रकाने आहेत, बघा. मृत जनावर प्रत्यक्ष पाहिलं, फोटो पाहिला, नाहीतर डॉक्टरचा दाखला. तिन्ही रिकामे असले तर हे यंत्र पुढचं पानच उघडत नाही. मी ठोकून बघितलंय त्याला."

"मी लगेच पुरल्या. आरोग्यखात्याने सांगितलं तसंच."

"बरोबरच केलंत तुम्ही. शंभरातल्या पाच जणांनी केलं तसं. आणि ते पाचही इथे येऊन उभे राहिलेत." त्याने चष्मा काढून डोळे चोळले. "खड्डा उघडता येईल का? डोकी दाखवलीत तरी चालेल. पाहणीच्या मॅडम तुमच्याच बाजूला आहेत आज."

"उघडला तर माश्या होतील, घाण पसरेल. माझ्या उरलेल्या आहेत दोनशे अठ्ठ्याऐंशी. त्यासुद्धा मरतील."

"मुदतीच्या आत गेल्या तर त्यासुद्धा धरता येतील," कारकून म्हणाला.

तो चेष्टा करत नव्हता. तो मदतच करत होता. बोलून झाल्यावर त्याचं त्यालाच ते ऐकू आलं असावं, कारण त्याने मान खाली घातली आणि म्हणाला, "पुढचा."

बसमध्ये काकूंना खिडकीची जागा मिळाली. काच मळलेली होती. मळलेलीच राहू दिली. त्यांना खतवाल्याची पोती दिसत होती, उत्तरेच्या कोपऱ्यापासून दारापर्यंत रचलेली. सकाळी पाचला उठून जायला जागा नाही. दिवसभर घरात, काकांच्या गुडघ्यासमोर. एक वेळ त्यांना वाटलं की भाऊजींना हो म्हणायला हवं होतं. मग वाटलं, नाही. मग डोकंच दुखायला लागलं आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.

वास फाटकाच्या अलीकडेच आला.

काकूंना धावायचं होतं, पण पाय चालण्याच्याच गतीने चालले. शेडच्या दारात भाऊजींची ट्रॉली रिकामी उभी होती. औषधाच्या पाण्याची पाटी कुणीतरी बाजूला सारली होती, ट्रॉली मागे घ्यायला. आत, चार दिवसांपूर्वी काकूंनी गुडघ्यांवर बसून घासलेल्या फरशीवर, पांढऱ्या कोंबड्यांचा ढीग पडला होता. ढीग तरी कसला, निम्म्यांचा चिखल झालेला. जाळीच्या पलीकडे, उरलेल्या छपराखाली, काकूंच्या जिवंत कोंबड्या होत्या. तांबड्या. काकूंनी बावीस वर्षांत एक पांढरी कोंबडी पाळली नव्हती.

एक तांबडी जाळीतून चोच बाहेर काढून ढिगाच्या कडेला टिपत होती.

"हुश! मर, हट!" काकूंनी फडकं आपटलं. कोंबडी मागे सरली. दुसरी पुढे आली.

"आई, आत्ता काही बोलू नकोस," मुलगा धावत येऊन कानाशी म्हणाला. घामाने भिजला होता, तोंडाला सुनेची ओढणी बांधलेली. "मी मॅडमना फोन केला. म्हटलं, मागच्या बाजूला काही पुरायच्या राहिल्या होत्या. त्या आल्यात. तू फक्त गप्प राहा."

पाहणीवाली मॅडम फाटकातून येतच होती. तीस-बत्तीसची असेल, बुटांवर चार गावांचा चिखल. तिने दारात थांबून पाटी शोधली, ती बाजूला दिसली, तर तिकडे जाऊन दोन्ही पाय बुडवून आली. काकूंना ते बघून बरं वाटलं आणि लगेच जास्त वाईट वाटलं.

मॅडमने ढीग पाहिला. मग जाळीपलीकडे पाहिलं. मग पुन्हा ढीग. एका कोंबडीच्या पायात निळी सुतळी अडकली होती. मॅडम वाकली, पेनाच्या टोकाने ती सुतळी उचलून बघितली आणि सरळ झाली.

"या सुतळीची आणि माझी ओळख आहे," ती म्हणाली.

मुलगा घसा खाकरून म्हणाला, "मॅडम, आमच्याकडे दोन्ही रंगांच्या होत्या..."

"तुम्हाला नाही विचारत मी." ती काकूंकडे वळली. बोलली तेव्हा आवाज कडक नव्हता, नुसता थकलेला होता. "काकू, काल मी तुमचा खड्डा पाहिला. चुना पाहिला. मला कळतं. कोंबडीचा रंग लिहायला माझ्या कागदावर रकाना नाही. अर्जदाराने सांगितलं की माझ्या, तर मी लिहिते की त्यांच्या. अर्ज तुमच्या नावावर आहे. तुम्ही सांगा. या तुमच्या का?"

जाळीशी पुन्हा टकटक झाली. काकूंनी तिकडे पाहिलं नाही. मुलगा हात जोडल्यासारखे करून उभा होता. घराच्या दारात काका आणि सून. कुंपणापलीकडे भाऊजी, आभाळाकडे बघत असल्यासारखे. सगळा गाव जणू एका शब्दासाठी दाटीवाटीने उभा होता, आणि तो शब्द काकूंच्या तोंडात होता. त्यांना वाटत होतं की तो जड असेल. तसा नव्हता.

"हो," काकू म्हणाल्या.

मॅडमने मोजलं. नीट मोजलं, डोकी धरून, रुमाल नाकाला दाबून, मध्ये दोनदा बाहेर जाऊन. मग कागद काकूंसमोर धरला. चारशे एकोणसाठ.

"आठशे बारा होत्या," काकू म्हणाल्या.

"काकू..."

"नाही, मी नुसतं सांगतेय. आठशे बारा होत्या."

"मला दिसतंय ते लिहिते मी," मॅडम म्हणाली.

काकूंनी सही केली. इतका वेळ त्यांना वाटत होतं की खोटं टोचेल. खोटं टोचलं नाही. टोचलं ते हे, की तीनशे त्रेपन्न कोंबड्या आता कधी मेल्याच नव्हत्या. बाकीच्या मेल्या होत्या, पण त्या दुसऱ्याच कुणाच्या होत्या.

मॅडम गेली. मुलाने ओढणी सोडली आणि उडी मारावी तसा घराकडे गेला. "झालं! महिन्याभरात खात्यात जमा. छप्पर पूर्ण नाही होणार, पण निम्मं होईल. पिल्लं सहाशे सांगू या आधी. आई, ऐकलंस का? शेड वाचली तुझी! खतवाला गेला उडत." कुंपणापलीकडून भाऊजी ओरडले, "वहिनी, चहा लागू झाला हं!" सुनेने चहा टाकलासुद्धा.

काकू शेडमध्ये होत्या. त्यांनी जाळीतल्या कोंबड्या मागे हाकलल्या आणि मध्ये दोन जुने पत्रे आडवे लावले. पाटी ओढून दारात आणली. पाणी काळं झालं होतं, ते ओतून दिलं, नवीन भरायला बादली उचलली. आणि बादली हातात घेऊन त्या तशाच उभ्या राहिल्या.

दहा दिवसांत त्यांनी ही फरशी तीनदा घासली होती. आता चौथ्यांदा घासायची. मग पैसे येतील, छप्पर येईल, पिल्लं येतील, रोज पहाटे पाच. या शेडमध्ये जे काही येणार ते काकूंनी उचलायचं, हे घरात कुणी ठरवलेलं नव्हतं. ते ठरवावं लागलंच नव्हतं.

त्यांनी बादली खाली ठेवली. मोरीवर जाऊन कोपरापर्यंत साबण लावून हात धुतले, दोनदा, आणि घरात आल्या.

सगळे टेबलाभोवती होते. भाऊजी बूट न काढता बसलेले, काकांच्या हातात कप. मुलगा पिल्लांच्या कंपनीला फोन लावत होता. काकू आल्या तसा त्याने कप उचलला, कोपर उचललं आणि वाट पाहिली. फडकं फिरलं नाही.

"भाऊजी, ट्रॉलीत भरून घेऊन जाता ना आज?" काकूंनी विचारलं.

"आज? आता ट्रॉली धुवायला काढली बायकोने. बघतो ना एक-दोन दिवसांत. आता तुमच्या नावावर लागल्या, तर तुमच्याकडेच राहू द्या की," म्हणून ते स्वतःच हसले.

"मी सकाळी बघतो, आई," मुलगा फोन कानाला लावूनच म्हणाला. "कंबर मोडलीय माझी आज. साडेचारशे उतरवल्यात एकट्याने."

"कशाला सकाळपर्यंत ठेवायच्या?" काका समजूतदारपणे म्हणाले. "तू हात लावलास की तासाभरात होऊन जाईल गं. तुझा हात उरकतो."

सुनेने काकूंसमोर चहा ठेवला. काकू खुर्चीवर बसल्या. टेबलावर भाऊजींच्या कपाचं कडं उमटलं होतं. ते बघत त्यांनी अर्धा कप चहा प्यायला. कुणीतरी काहीतरी बोलेल म्हणून त्या थांबल्या होत्या असं नाही. चहा गरम होता म्हणून थांबल्या होत्या.

"फोन ठेव," त्या मुलाला म्हणाल्या.

मुलाने ठेवला.

"आजपासून शेड तुमची. पहाटे पाचला पाणी, सहाला खाद्य, दर दोन दिवसांनी कोंबड्यांखालचं तूस खालीवर करायचं. त्या पांढऱ्या उजेड आहे तोवर उचला, चुना मोरीमागे आहे, खड्डा विहिरीपासून लांब खणा. मी कोंबड्यांचं काम सोडलं."